मोहाच्या दिवसांतली सकाळची शाळा

'केंद्रप्रमुख' म्हटलं की लोकांना वाटतं, बाई कुठल्या तरी मोठ्या केंद्राच्या प्रमुख असणार. माझ्या सासूबाई शेजारणींना खुशाल सांगायच्या, आमची सून आकाशवाणीत आहे. मी कधी दुरुस्ती केली नाही. खरं काम असं होतं की, दहा-बारा खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा एका गाठोड्यात बांधायच्या, त्या गाठोड्याला केंद्र म्हणायचं आणि ते एकीच्या डोक्यावर ठेवून द्यायचं. कुरखेडा तालुक्यात ते गाठोडं मी वाहिलं. वरून आलेलं परिपत्रक खाली पोचवायचं, खालची माहिती वर द्यायची आणि दोन्हीकडची बोलणी मधल्या मध्ये खायची. एक लूना होती. पावसाळ्यात नाला भरला की लूना अलीकडच्या कुणाच्या तरी अंगणात उभी राहायची आणि मी चपला हातात घेऊन पलीकडे.

शहरातल्या वाचकाला वाटेल, जंगलातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत कसलं आलंय राजकारण! अहो, खिचडी कोणत्या मोहल्ल्यातली बाई शिजवणार इथपासून राजकारण. शाळेच्या भिंतीला रंग कोणता, गुरुजी कुणाच्या घरी भाड्यानं राहतात, हातपंप शाळेच्या डाव्या अंगाला की उजव्या. एका गावी सव्वीस जानेवारीला दोन पुढाऱ्यांनी झेंड्याची दोरी एकदम धरली. कुणी सोडायला तयार नाही. शेवटी गुरुजी कडाडले, "सावधान!" लहानपणची सवय म्हणा, दोघांचेही हात झटकन खाली गेले आणि दोरी गुरुजींनीच ओढली. त्या गुरुजींची पुढं बदली झाली हे सांगायला नको.

पक्षांची नावं मी घेणार नाही. दोन्ही पक्षांची माणसं अजून बाजारात भेटली की "या बाई, चहा घ्या" म्हणतात आणि मला चहा आवडतो.

इतक्या वर्षांतलं एकच सांगायचं असेल तर मी कोसमटोल्याचं सांगते. गावाचं नाव बदललंय, बाकी काही नाही. एका अंगाला जंगल, एका अंगाला मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेला तलाव, आणि तिसऱ्या अंगाला नदी. तलावाच्या पाळीला, त्या मातीच्या बांधाला लागून ढिवरांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. ही माणसं तलावात मासे आणि झिंगे धरायची, धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, मजुरीवर जायची. मधल्या रस्त्यापलीकडे धानाची शेती असलेल्या कुणब्यांचा मोहल्ला. दोन खोल्यांची शाळा बरोबर मधे आणि दिवाकर गुरुजी नावाचे एकच शिक्षक. शाळेला ग्राम शिक्षण समिती होती. शाळा गावाची आहे, गावानं तिच्याकडे लक्ष द्यावं म्हणून सरकारनं अशा समित्या गावोगाव काढल्या. अध्यक्ष होत्या भागरताबाई. ढिवर टोल्यातल्या, अंगठा उठवणाऱ्या, आवाज असा की तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर संसार चालवतील. दोन्ही पक्षांचं एकमेकांच्या माणसावर एकमत होईना म्हणून त्यांना बसवलं होतं. बिनकामाची बाई, सही तरी कुठं करणार, असा दोघांचाही हिशोब.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मार्चपासून आमच्याकडे ऊन असं तापतं की दुपारी कौलं हात लावू देत नाहीत. म्हणून शाळा सकाळची होते, सात ते साडेअकरा. लेकरांच्या भल्यासाठीच आहे ते. पण त्याच दिवसांत मोहा गळतो. मोहाची फुलं पहाटेपासून टपटप पडायला लागतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात, हरणं खातात, अस्वलं तर वासानंच येतात. वाळवलेल्या मोहफुलांवर ढिवर टोल्याचं वर्षाचं तेल-मीठ आणि पावसाळ्यातलं पोट चालायचं. घरातले सगळे हात तेव्हा झाडाखाली लागतात आणि लेकरांचे हात जमिनीला सगळ्यात जवळ. थोडक्यात, सरकारची घंटा आणि मोहाचं झाड, दोघांनी लेकरांना एकाच वेळी हाक मारायची. लेकरं झाडाकडे जायची. मार्च-एप्रिलमध्ये मी सकाळी सातला कोसमटोल्याला गेले की दिवाकर गुरुजी रिकाम्या वर्गात फळ्यावर सुविचार लिहीत असायचे. मी विचारायचे, "कुणासाठी लिहिता?" ते म्हणायचे, "हात चालू राहावा म्हणून."

समितीनं यावर साधा ठराव केला. मोहाच्या दिवसांत आमची शाळा दहाला भरवा, छपरावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून आम्ही ती थंड ठेवू. ठराव मीच लिहून दिला आणि भागरताबाईंनी अंगठा लावला. आणि मग दोन्ही पक्ष जागे झाले.

धानाची गिरणी असलेले शालिकभाऊ तेव्हा विरोधी पक्षात होते. त्यांनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून भाषण ठोकलं. "मुंबईत बसलेल्याले काय मालूम, मोहा कधी पडते? गावची शाळा, गावची वेळ! शाळा गावाच्या हाती द्या!" टाळ्या पडल्या. लगेच नामदेवभाऊ उठले. हे कुणबी मोहल्ल्याचे पाटील, त्यांचा पक्ष राज्यात सत्तेवर. ते म्हणाले, "लेकराइले उन्हात भाजता का? अन् शाळा सोडून मोहा वेचाले लावता? सरकारनं इचार करूनच वेळ ठरवली. हर गाव आपली घडी लावंन तं राज्य चालंन का?" यांनाही टाळ्या पडल्या. खरं सांगते, मला दोघांचंही पटलं. हाच तर माझा त्रास होता. दोघं खोटं बोलत असते तर मी सुखानं झोपले असते.

ठरावाची फाईल जिल्ह्याला गेली आणि 'धोरणात्मक बाब' असा शेरा घेऊन परत आली. म्हणजे आम्ही ठरवत नाही, वर विचारा. वर विचारलं तर उत्तर आलं, स्थानिक बाब आहे, खाली विचारा. अशात निवडणुका झाल्या आणि सरकार बदललं. शालिकभाऊंचा पक्ष राज्यात सत्तेवर आला. मला वाटलं, चला, आता ठराव पास. पेढे आणायचं तेवढं मनात ठेवून मी पुढच्या सभेला गेले.

सभेत शालिकभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, सरकारनं विचार करूनच वेळ ठरवली आहे, प्रत्येक गाव आपलं घड्याळ लावेल तर राज्य कसं चालेल? नामदेवभाऊ उसळले, शाळा गावाची, वेळ गावाची! दोघांनी भाषणं अशी सफाईनं बदलून घेतली होती की मला हसू आवरेना. भागरताबाई माझ्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या. त्या हळू म्हणाल्या, "बाई, हे बोलनं तं मी आधी आयकलं होतं. तोंड दुसरं होतं फक्त." त्यांचा 'हळू' आवाज सगळ्या सभेनं ऐकला. सभा हसली, दोन्ही पुढारीसुद्धा कसनुसं हसले आणि ठराव तिसऱ्यांदा वर पाठवायचं ठरलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात आदेश आला की, ज्या शाळांत हजेरी टिकत नाही त्या जवळच्या शाळेत मिसळून टाकाव्यात. समायोजन, असा गोड शब्द त्याला होता. मार्चअखेर आठवडाभर पाहणी होणार होती. आठवडाभर सकाळी सातला प्रार्थनेच्या वेळी डोकी मोजायची आणि शाळा सुटताना पुन्हा मोजायची, कारण काही शाळा प्रार्थनेपुरती लेकरं गोळा करून मग सोडून द्यायच्या. कोसमटोल्याला 'जवळची शाळा' होती ती नदीपलीकडे.

हे सांगायला मी भागरताबाईंकडे गेले. त्या तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत होत्या. त्यांना दोन मुली. मोठीच्या वेळी गावात शाळा नव्हती. नदीपल्याड एकटी पोरगी कशी पाठवायची म्हणून ती शेळ्यांमागे गेली आणि लवकरच लग्न होऊन गेली. धाकटी वच्छला दुसरीत होती. फळ्यावरचं मोठ्यानं वाचायची तिला भारी हौस, आईचाच आवाज घेतलेला. मी आदेश वाचून दाखवला. भागरताबाईंचे हात थांबले.

"म्हंजे मोहा सोडाव का शाळा सोडाव?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तसंच आहे."

"मोहा सोडला तं पावसाळ्यात काय खावं? अन् शाळा गेली तं माही वच्छला बसली घरी. तिले मी नदीपल्याड पाठवीन का? पुरात?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी सांगा ना बाई. तुमी शिकल्या-सवरल्या."

मला काय सांगता येणार? शिक्षण खात्यात इतकी वर्षं काढली, असा प्रश्न कुठल्याच प्रशिक्षणात कुणी विचारला नव्हता. मला स्वतःचाच राग आला.

चार दिवसांनी दुपारी सगळं गाव पाळीवरच्या आंब्याखाली बसलं. बातमी लागताच मी पोचले. टोला आणि मोहल्ला, दोन्हीकडची माणसं होती, पण शालिकभाऊ आणि नामदेवभाऊ हे दोन्ही भाऊ नव्हते, ते तालुक्याला आपापल्या पक्षाच्या मेळाव्यांना गेले होते. मी सतरंजीवर टेकणार तोच भागरताबाई उठून आल्या. "बाई, राग मानू नका. तुमी आता जा. हे आमच्या आमच्यात बोलाचं आहे." समितीची मी पदसिद्ध कुणीतरी होते, पण त्या आवाजापुढे निमूट लूनाकडे वळले. 'शाळेवर गावाचं नियंत्रण' हे शब्द मी कित्येक प्रशिक्षणांत फळ्यावर लिहिले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं, माझ्याच पाठीमागून.

पाहणीच्या पहिल्या सकाळी जिल्ह्याहून साहेब आले. कोरडा माणूस, पण सरळ. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. दोन्ही पुढारीही हजर. कारण एक आला आणि दुसरा नाही असं कसं चालेल! रस्ताभर मी मनात एकच म्हणत होते, निदान दहा लेकरं असू देत.

शाळेपुढे सगळी लेकरं रांगेत उभी होती. सगळी म्हणजे सगळी. डोक्याला तेल, हात जोडलेले, वच्छला पुढं उभी राहून खड्या आवाजात प्रार्थना सांगत होती. दिवाकर गुरुजींचे डोळे पाणावले होते. साहेबांनी दोनदा मोजलं. नामदेवभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "शालिकनं तांदूळ वाटला असंन." थोड्या वेळानं शालिकभाऊ दुसऱ्या कानाशी म्हणाले, "पाटलानं धमकावलं दिसते टोल्याले."

पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. गावात गुरं हंबरत होती. उन्हाळ्यात गुरं पहाटेच जंगलात चरायला जातात, ऊन झालं की परततात. त्या सकाळी प्रत्येक गोठ्यातून हंबरणं येत होतं. गावाची गुरं चारणारा गायकी शाळेच्या ओट्याला टेकून निवांत बिडी ओढत होता. मी विचारलं, "आज ढोरं नाही सोडली?" तो म्हणाला, "गावानं मना केलं जी. शाळा सुटेपावतर बांधूनच. ज्याच्या घरी तणीस नाई त्याले दुसऱ्यानं दिली." ऐकून मी चमकले. ढोरं होती कुणब्यांची. त्यांचं पोट काही मोहावर नव्हतं. तरी त्यांनी दावणीला बांधून, साठवणीचा चारा घालून ती थांबवली होती.

साहेब म्हणाले, "चला, मोहा बघू." आम्ही चौघं गावाबाहेरच्या रानात गेलो.

वाचकहो, एक रीत इथं सांगायला हवी. जंगलातली मोहाची झाडं घराघरांची ठरलेली असतात, आजे-पणजांपासून. कागद नाही, खूण नाही, पण कोणतं झाड कुणाचं हे शेंबडं पोर सांगेल. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलत नाही. मोहाच्या दिवसांत परक्या झाडाखाली नुसतं उभं राहिलं तरी लोक तिरकं बघतात. त्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

रानात शिरलो आणि मी जागीच थांबले. झाडाखालची जमीन पाचोळा जाळून, झाडून स्वच्छ केलेली आणि तिच्यावर फुलांचा पिवळट पांढरा थर, कुणीही हात न लावलेला. वरून फुलं पडतच होती. तो वास, त्या गोड जड वासानं डोकं हलकं झालं होतं. आणि प्रत्येक झाडाखाली एकेक माणूस बसलेला. म्हातारे, बाया, बापे. हातात काठी, बुंध्याला पाठ, रिकामी टोपली बाजूला पालथी. कुणी वेचत नव्हतं. माकड आलं की काठी आपटायची आणि पुन्हा बसायचं. एवढी माणसं रानात आणि बोलणं नाही. देवळात गेल्यावर आपण जसे आपोआप हळू चालतो तसे आम्ही चालायला लागलो.

नामदेवभाऊ पुटपुटले, "हे झाड तं शालिकच्या घरचं व्हय. याखाली आमच्या मोहल्ल्याचा गणपत कायले बसला?" शालिकभाऊ दुसरीकडे बोट करत होते, "अन् पाटलाच्या झाडाखाली आमचा माणूस!" मग आम्हाला हळूहळू दिसायला लागलं. जो ज्या झाडाखाली बसला होता ते झाड त्याचं नव्हतं. एकाचंही नाही.

पुढं एका मोठ्या झाडाखाली पांढऱ्या केसांची म्हातारी बसली होती. नामदेवभाऊ थबकले. "माय! तू इथी?"

ती त्यांची आई होती, पाटलीणबाई. कधी मोहल्ल्याबाहेर न पडणारी. "ओरडू नको," ती म्हणाली. "भागरताचं झाड राखून राह्यली मी."

"पण तू काऊन? तू का म्हनून?"

"मंग कोन? तुले टाईम आहे का?"

नामदेवभाऊंना शब्द सुचेना. राजकारणात आल्यापासून ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

भागरताबाई थोड्या अंतरावर होत्या, अर्थातच दुसऱ्याच कुणाच्या झाडाखाली. साहेबांनी विचारलं, "तुम्ही मोठी माणसं वेचत का नाही? मुलं शाळेत, तुम्ही तर मोकळे."

"ज्याच्या घरी हात आहेत ते वेचतीन साहेब," त्या म्हणाल्या. "पन जिच्या घरी ती एकटी अन् झाडं दूरदूर, पोट्टे शाळेत, तिचं कोन पाहीन? तिचे पोट्टे मंग उद्या शाळेत येनार नाई. म्हनून ठरवलं, सगळे संगं बसू, शाळा सुटली का सगळे संगं उठू. पोट्टे आले का मंग आपापलं वेचू."

"पण झाडं का बदलली?"

भागरताबाई हसल्या. "आपल्या झाडाखाली बसलं का हात थांबत नाई जी. दुसऱ्याच्या फुलाले हात लावाची आमाले आदत नाई. म्हनून बदलून बसलो."

  मी आयुष्यभर नियम शिकवले, नियम पाळायला लावले, नियम मोडणाऱ्यांना नोटिसा दिल्या. एका गावानं आपला लोभ आणि आपला प्रामाणिकपणा दोन्ही नीट ओळखून, एकाला दुसऱ्याची राखण करायला बसवलं, असं काही मी ना आधी पाहिलं होतं ना नंतर पाहिलं.  परत येताना दोन्ही भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या कानाशीही नाही.

आठवडाभर हे असंच चाललं. फुकट नव्हतं ते. शाळा सुटल्यावर भर उन्हात वेचावं लागायचं, पाय पोळायचे, बरीच फुलं सुकून मातीला चिकटायची. एकजण तिसऱ्या दिवशी कुरकुरला, तर त्याच्या बायकोनं त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की उरलेल्यांची कुरकुर पोटातच राहिली. तरी रोज सकाळी रांगेत सगळी लेकरं होती.

शेवटच्या दिवशी दोन्ही पुढारी मोठ्या तयारीनं आले. तेव्हा फ्लेक्स नुकतेच निघाले होते. दोघांनीही आपापला फोटो आणि 'शाळा वाचवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असं छापलेले भलेमोठे फ्लेक्स शाळेच्या दोन बाजूंना बांधून ठेवले होते. अभिनंदन कुणी कुणाचं करायचं हे त्यावर स्पष्ट नव्हतं.

दहाच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं. वारा सुटला. अवकाळीची लक्षणं आमच्याकडे पोरंसुद्धा ओळखतात. भिजलेला मोहा काळा पडतो, कुजतो, कवडीचा राहत नाही. वर्गात एकेक मान खिडकीकडे वळायला लागली. वच्छला उभी राहिली, पुन्हा बसली. मी साहेबांना म्हटलं, "आज लवकर सोडू या. सगळं भिजेल हो." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुटतानाची मोजणी झाली नाही तर आजचा दिवस धरता येणार नाही. आणि आजचा धरला नाही तर आठवडा गेला. नियम मी केलेला नाही, बाई."

मला राहवेना. शाळा गेली तर गेली, या माणसांचं पोट तर राहील. मी घंटेकडे निघाले. आमची घंटा म्हणजे लटकवलेला रुळाचा तुकडा. मी लोखंडी दांडा उचलला तोच फाटकातून भागरताबाई पळत आल्या, पदर खोचलेला, धापा टाकत. "बाई, घंटा नका देऊ!" त्या ओरडल्या. "पोट्ट्याइले सोडू नका! आमी पाहून घेतो!" आणि तशाच उलट्या पावली पळाल्या. जाताना त्यांनी आणि मागून आलेल्या दोघीतिघींनी दोन्ही फ्लेक्स दोऱ्यांसकट उपटले आणि घेऊन गेल्या. दोन्ही भाऊ बघत राहिले.

दांडा ठेवून मी त्यांच्यामागे रानाकडे धावले. थेंब पडायला लागले होते. आणि ज्यांनी आठवडाभर परक्या फुलाला बोट लावलं नव्हतं, ती सगळी माणसं गुडघ्यांवर बसून परक्या झाडाखालची फुलं दोन्ही हातांनी गोळा करत होती. आपल्या झाडाकडे जायला वेळच नव्हता. जो जिथं होता तिथलं वेचत होता, टोपली भरत होता आणि ज्याचं झाड त्याच्या अंगणाकडे पळत होता. कोण कुणाच्या पक्षाचं, कोण कुठल्या मोहल्ल्याचं, काही समजत नव्हतं. शालिकभाऊ पांढऱ्या सदऱ्यानिशी एका झाडाखाली वाकलेले मी पाहिले, आणि ते झाड त्यांचं नव्हतं. नामदेवभाऊ टोपल्या वाहत होते. मीही बसले. माझं तर तिथं एकही झाड नव्हतं. पाऊस, चिखल, वारा आणि तो वास. एवढ्या गोंधळात मला रडू येत होतं आणि ते पुसायला हात रिकामे नव्हते.

साडेअकराला दिवाकर गुरुजींनी घंटा दिली. साहेबांनी डोकी मोजली, एकही कमी नव्हतं. शाळा राहिली, हे इथंच सांगून टाकते. वेळेची फाईल मात्र मी निवृत्त झाले तेव्हाही 'विचाराधीन' होती.

पाऊस थोडा उणावला तेव्हा मी भागरताबाईंबरोबर त्यांच्या घराकडे गेले. त्यांच्या झाडाचं काय झालं ते त्यांना अजून माहीत नव्हतं, त्या दुसऱ्यांचंच वाहत होत्या. वच्छला पाटी डोक्यावर धरून पुढं पळत होती. अंगणात छपराखाली फुलांचा ढीग होता. त्यावर फ्लेक्स पालथा घातलेला, उलटलेल्या कोपऱ्यात नामदेवभाऊंचा हात जोडलेला फोटो. ढिगाजवळ पाटलीणबाई बसल्या होत्या, नखशिखांत भिजलेल्या, कुडकुडत. आम्हाला पाहून त्या भिंत धरून उठल्या. खोचलेला पदर त्यांनी सोडला आणि भागरताबाईंसमोर दोन्ही हातांनी झटकून दाखवला, एकही फूल सोबत घेतलं नाही म्हणून.

"काय करून राह्यल्या तुमी हे!" भागरताबाईंनी त्यांचे हात धरले.  गावभर ऐकू जाणारा तो आवाज कुठं गेला कोण जाणे.

वच्छला मात्र टकमका बघत होती. पाटलांची म्हातारी तिनं आपल्या टोल्यात कधी पाहिली नव्हती. तिनं विचारलं, "आजी, तुमी आमच्या घरी काऊन आल्या?"

म्हातारीनं तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "तू शाळेत होती ना माय," ती म्हणाली, "म्हनून आली."